मावेल तेवढे पीठ

मराठी पाककृतींमधला 'मावेल तेवढे पीठ' हा शब्दप्रयोग सध्या बराच बदनाम आहे. जुन्या बायकांना मोजमाप ठाऊक नव्हते, सगळा कारभार अंदाजाने चाले, आणि म्हणूनच आपली पाकपरंपरा शास्त्रशुद्ध होऊ शकली नाही, असे सुशिक्षित घरांत सर्रास बोलले जाते. 'बेताचे मीठ', 'अंदाजे पाणी', 'लालसर होईपर्यंत' हे शब्द त्या आळसाचे पुरावे म्हणून दाखवले जातात. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. 'मावेल तेवढे' हा मराठी गद्यातील अतिशय काटेकोर शब्दप्रयोगांपैकी एक आहे, आणि तो वाचता न येणे ही आपल्या वाचनसंस्कृतीतली उणीव आहे. साहित्याच्या अभ्यासकांसमोर हे मांडण्यासाठी मी कांद्याच्या कुरकुरीत भज्यांचे उदाहरण घेतो आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण भाषेची परीक्षा अशाच ठिकाणी चांगली होते, कारण इथे वाक्य चुकले की पदार्थ बिघडतो.

उदाहरणासाठी मांडव्याचा परिसर निवडला आहे, त्यालाही कारण आहे. मांडवा हे नाव महाराष्ट्राबाहेर पोचले ते १९९० सालच्या 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटामुळे. मुंबईकरांसाठी ते गेटवेहून लाँचने गाठायचे बंदर आहे, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारीसकट जाता येण्याजोगे ठिकाण. बोटीतून उतरून अलिबागच्या दिशेने निघाले की हंगामात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. हा कांदा पिकवणारी कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव ही गावे आत, अलिबागच्या जवळ आहेत. भात निघाल्यावर त्याच जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर आणि थोड्या पाण्यावर हे पीक घेतात. उन्हाळ्याच्या तोंडावर कांदा काढला की तो सुकवून, पातीसकट वेण्या घालून त्याच्या माळा करतात. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरात या कांद्याची नोंद असल्याचे सांगितले जाते, आणि अलीकडेच त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. म्हणजे अमुक मातीतल्या कांद्यालाच 'अलिबागचा पांढरा कांदा' म्हणता येईल, हे आता कायद्याने मान्य केले आहे.

हा कांदा चवीला गोडसर, तिखटपणाने कमी आणि रसाळ. कच्चा खावा तो हाच. तळलेल्या मासळीबरोबर, कोशिंबिरीत किंवा नुसता फोडून भाकरीबरोबर. आता याच कांद्याची भजी करायची असे ठरवले की खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न पाण्याचा आहे.

कोणत्याही कांद्यात वजनाच्या सुमारे ८८-८९ टक्के पाणी असते. कुरकुरीतपणा म्हणजे पाण्याचा अभाव. तेव्हा कांद्याची कुरकुरीत भजी करणे म्हणजे बहुतांशी पाण्याने बनलेल्या वस्तूतून, तिची चव न घालवता, नेमके हवे तेवढे पाणी काढून घेणे. तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सियस तापलेले असते. त्यात भजे सोडले की पिठातले आणि कांद्यातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. आपल्याला दिसणारे बुडबुडे ते हेच. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बाहेरचा थर कोरडा होतो, त्यात बारीक पोकळ्या राहतात, आणि दाताखाली त्या मोडतात तेव्हा आपण 'कुरकुरीत' म्हणतो. पीठ पातळ असले तर पाणी इतके असते की तेलाचे तापमान खाली येते, वाफेचा जोर कमी पडतो, आणि भजे तेलकट व लिबलिबीत होते. पीठ फार घट्ट असले तर भज्याचा गोळा होतो. बाहेरून करपलेला, आतून कच्चा.

यावर जगात दोन प्रकारचे उपाय आढळतात. एक अमेरिकी पद्धतीच्या कांद्याच्या चकत्यांचा, ज्या आता मांडव्याकडेच नव्हे, तर कोठल्याही पर्यटनस्थळी 'क्रिस्पी ऑनियन रिंग्ज' या नावाने मिळतात. त्यात कांदा आडवा कापून कडी सुटी करतात. प्रत्येक कड्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काढून टाकतात, कारण तो राहिला तर आवरण घसरते. कडी पुसून कोरडी करतात, कोरड्या पिठात घोळवतात आणि मग मैद्याच्या थंडगार पातळ मिश्रणात बुडवतात. मिश्रण फार फेटायचे नाही, नाहीतर मैद्यातला चिकटपणा वाढून आवरण वातड होते. या सगळ्या खटाटोपाचे सूत्र एकच : कांद्याचे पाणी आत कोंडून ठेवायचे आणि बाहेर दुसऱ्या, मोजून घेतलेल्या पाण्याचे आवरण करायचे. आवरण आणि आतला कांदा यांचा एकमेकांशी संबंध जितका कमी, तितके बरे.

दुसरा उपाय आपल्या खेकडा भज्यांचा. इथे कांदा उभा, पातळ चिरतात. त्याला मीठ चोळून, हाताने चुरून, थोडा वेळ झाकून ठेवतात. मिठामुळे कांद्याला पाणी सुटते. मग त्यात तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा आणि त्या पाण्यात मावेल तेवढे डाळीचे पीठ घालतात. कोणी त्यात कुरकुरीतपणासाठी चमचाभर तांदळाची पिठी घालते, कोणी कडकडीत तेलाचे मोहन. वरून पाण्याचा थेंबही घालायचा नाही. इथे कांद्याचे पाणी अडचण नसून तेच मिश्रणाचे द्रव आहे. चकतीच्या पद्धतीत पाण्याला शत्रू मानले आहे. खेकडा भज्याच्या पद्धतीत ते कामाला लावले आहे.

आता 'मावेल तेवढे' याकडे वळू. समजा, कोणी लिहिले की चार मध्यम कांद्यांना एक वाटी पीठ. हे वाक्य नेमके दिसते. पण मध्यम म्हणजे केवढे, हा प्रश्न सोडला तरी दुसरा, अधिक खोलवरचा प्रश्न राहतोच. मार्चमध्ये नुकताच काढलेला पांढरा कांदा आणि माळेत टांगून चार महिने वाळलेला, श्रावणात उतरवलेला तोच पांढरा कांदा, यांना सुटणारे पाणी सारखे नसते. नाशिककडचा लाल कांदा तिसऱ्याच तऱ्हेने वागतो. मीठ किती, कांदा किती पातळ चिरला, किती वेळ झाकून ठेवला, हवेत दमटपणा किती, या सर्वांवर ते पाणी अवलंबून असते. एवढ्या बदलत्या गोष्टींच्या पुढे 'एक वाटी' हा आकडा म्हणजे एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट कांद्याच्या बाबतीत खरी ठरलेली घटना. 'मावेल तेवढे' हा मात्र नियम आहे. तो आकडा सांगत नाही. आकडा कसा काढावा ते सांगतो. गणिताच्या विद्यार्थ्याला हा फरक चटकन कळेल. पहिले वाक्य उत्तर देते, दुसरे सूत्र देते. आणि सूत्र उत्तरापेक्षा कमी काटेकोर असते, असे कोणताही गणिती म्हणणार नाही.

शिवाय 'मावणे' या क्रियापदाची निवड पाहावी. पीठ 'मिसळेल' तेवढे नाही, 'लागेल' तेवढे नाही. मावणे म्हणजे एखाद्या वस्तूच्या अंगच्या जागेत सामावले जाणे. त्यात मर्यादा आहे, आणि ती मर्यादा घालणाऱ्याने ठरवायची नसून ज्यात घालायचे त्याने ठरवायची आहे. किती पीठ घालायचे, हे कांदा सांगणार; स्वयंपाक करणाऱ्याने ते ऐकायचे. एवढा सगळा अर्थ एका क्रियापदात भरलेला आहे, आणि आपण त्याला अंदाजपंचे म्हणतो.

मराठीत छापील पाककृतींची परंपरा आता दीडशे वर्षांची झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० सालचे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याचे प्रमाण घेऊन ती मराठी घराघरांत पोचली. माहेरी-सासरी हाताशी शिकवणारे कोणी नसलेल्या, शहरात किंवा परदेशात संसार मांडलेल्या एका पिढीला या पुस्तकाने उभे केले, हे निर्विवाद आहे. इथे माझ्या म्हणण्यावर रास्त आक्षेप घेता येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. आक्षेप असा : 'मावेल तेवढे' हे ज्याला आधीच येते त्यालाच कळते. ते घरातल्या घरात, सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे जाणारे ज्ञान आहे. ते मोजमापात उतरल्यावरच पुरुषांना, वसतिगृहातल्या मुलांना, परजातीच्या आणि परप्रांतीच्या माणसांना उपलब्ध झाले. अंदाजाचे कौतुक करणे म्हणजे ज्ञान पुन्हा चुलीपाशी कोंडणे.

या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. ज्ञान कोंडले जाते ते अंदाजामुळे नव्हे. अंदाज कसा बांधायचा हे न सांगितल्यामुळे. 'अंदाजे पीठ घ्या' हे वाक्य खरोखरच आळशी आहे. 'मावेल तेवढे पीठ घाला' हे नाही, कारण त्यात कसोटी आहे : कांद्याचे काप एकमेकांना धरून राहावेत, पण पातेल्याच्या तळाशी पीठ साठू नये. ही कसोटी कोणालाही, पहिल्याच दिवशी, डोळ्यांनी तपासता येते. वाटीचे प्रमाण सुरुवातीला हात धरते, हे मान्य. पण कोठे थांबायचे हे कसोटीच सांगते. मला स्वतःला चांगल्या पाककृतीत दोन्ही हवे असते. आपली अडचण ही की मोजमाप आले तेव्हा कसोटी जुनाट ठरवून काढून टाकली गेली, जणू दोघी एका घरात नांदूच शकत नाहीत.

व्याकरणाच्या बाजूनेही या प्रवासाकडे पाहता येते, आणि मराठीच्या शिक्षकांनी ते जरूर पाहावे. जुनी पाककृती विध्यर्थात लिहिलेली असे : कांदा उभा चिरावा, मीठ चोळावे, मावेल तेवढे पीठ घालावे. कर्ता गैरहजर; पण विध्यर्थात सल्ल्याबरोबर एक मोकळीकही असते. 'घालावे' म्हणजे योग्य वाटल्यास, योग्य तेवढे. पुढे मासिकांतून आणि पुस्तकांतून आज्ञार्थ रूढ झाला : चिरा, चोळा, घाला. त्यात वाचक समोर आला, पण मोकळीक कमी झाली. आता चित्रफितींचा काळ आहे, आणि तिथली भाषा अशी : 'आता आपण कांदा ॲड करून घेणार आहोत.' प्रथमपुरुषी अनेकवचन, भविष्यकाळ, आणि 'चोळणे', 'चुरणे', 'पेरणे', 'सोडणे', 'भुरभुरणे' या सगळ्यांच्या जागी एकच 'ॲड करणे'. मला इंग्रजी शब्दाचे वावडे नाही; कुकर, गॅस, फ्रिज यांनी मराठी स्वयंपाकघर बाटलेले नाही. तक्रार वेगळी आहे. मीठ चोळणे आणि मीठ घालणे या दोन भिन्न क्रिया आहेत. चोळले तरच पाणी सुटते, आणि पाणी सुटले तरच पुढची सारी पाककृती शक्य होते. 'ॲड करणे' या शब्दात ती क्रियाच नाहीशी होते. चित्र दिसते म्हणून शब्दाचे काम भागले, असे आपल्याला वाटते. पण डोळ्यांना हात दिसतो, हाताचा दाब दिसत नाही. तो दाब फक्त क्रियापदातच सांगता येतो.

विशेषणांचीही हीच गत. 'क्रिस्पी' या एका शब्दाखाली आता किती वेगवेगळे गुण ढकलले जातात, ते पाहावे. भजे कुरकुरीत असते. करंजी खुसखुशीत असते. भाजलेला पापड चुरचुरीत असतो. चकली कडक झाली तर ती बिघडलेली असते. चिवडा खमंग असू शकतो, पण खमंगपणाचा संबंध नाकाशी आणि भाजण्याशी आहे, दातांशी नाही. यांतला प्रत्येक शब्द मोहनाचे प्रमाण, पिठाचा प्रकार आणि तळणीची आच यांविषयी काही तरी ठरावीक सांगतो. खुसखुशीतपणा मोहनातून येतो, कुरकुरीतपणा पाणी गेल्यामुळे. हा भेद ज्याच्या भाषेत आहे, त्याला करंजी आणि भजे यांची कृती निम्मी तरी आपोआप कळलेली असते. आणि या सर्वांचा शेवट सांगणारा एक शब्द आहे, 'सादळणे'. दमट हवेने कुरकुरीत वस्तू मऊ पडणे, एवढ्या एकाच घटनेसाठी स्वतंत्र क्रियापद ठेवणारी भाषा पावसाळ्यात आणि समुद्रकाठी घडलेली असली पाहिजे. मांडव्याच्या हवेत आषाढात उघडा ठेवलेला पापड किती लवकर सादळतो, हे तिथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

'खेकडा भजी' या नावाचेच उदाहरण घ्या. कापांची टोके सुटी राहून चहूबाजूंनी खेकड्याच्या नांग्यांसारखी दिसतात, म्हणून हे नाव. आपण रूपकाची व्याख्या शिकवताना कवितेतली उदाहरणे देतो. हे रूपक रोज तोंडी असूनही आपल्या लक्षात येत नाही. आणि त्याचा उपयोग केवळ शोभेचा नाही. पीठ जास्त झाले की नांग्या दिसत नाहीत, गोळा दिसतो. तेव्हा नाव हीच कसोटी. ज्या भज्यात खेकडा दिसत नाही, त्यात पीठ मावण्यापेक्षा जास्त पडलेले आहे. शहरात हे नाव उच्चारणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांसमोर खेकडा येतही नसेल. रायगडच्या किनाऱ्यावर, जिथे कोळी आणि आगरी घरांत खेकडा हा रोजच्या ओळखीचा प्राणी आहे, तिथे रूपक आणि त्याचे उपमान एकाच स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसलेले असतात.

आपल्या पाठ्यक्रमात कांदा नाही, असे नाही. सावता माळ्यांच्या अभंगातला मळ्यातला कांदा आपण भक्तिभावाने शिकवतो. चातुर्मासात कांदा वर्ज्य करण्याआधी आषाढ शुद्ध नवमीला तो पोटभर खाऊन घेण्याची कांदेनवमी लोकसंस्कृतीच्या पेपरात येऊ शकते. कढईतला कांदा मात्र येत नाही. दीडशे वर्षांचे हे गद्य, ज्यात बायकांनी लिहिलेले वाङ्मय मोठ्या प्रमाणात आहे, ज्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, ते आपण वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेतही क्वचितच नेतो. कारण विचारले तर ते 'उपयुक्त लेखन' आहे, असे उत्तर येते. उपयुक्तता हा दोष केव्हापासून झाला, हे मला उमगलेले नाही. उपयोग असल्यामुळेच या गद्याला शब्द तोलून वापरावे लागतात. ललित निबंधात सैल क्रियापद खपून जाते. पाककृतीतले सैल क्रियापद संध्याकाळपर्यंत उघडे पडते.

अलिबागच्या कांद्याला मिळालेल्या निर्देशांकाचे मी स्वागत करतो. दुसरीकडचा पांढरा कांदा आणून अलिबागच्या नावाने विकण्याचे प्रकार होतात, आणि शेतकऱ्याचे त्यात नुकसान आहे. मांडव्यापासून अलिबागपर्यंत शेतजमिनींवर बंगले उभे राहात असताना कांद्याच्या वाफ्याला कायद्याचा थोडा आधार मिळणे चांगलेच. पण निर्देशांक नाव राखतो. त्या कांद्याचे काय करावे, केव्हा त्याला कच्चाच खावा, केव्हा चुरावा, किती पाणी सुटू द्यावे, हे ज्ञान त्या कागदात नाही. ते भाषेत आहे, आणि भाषेला असा निर्देशांक कोणी देत नाही. त्या किनाऱ्याच्या बोलींत कांदा काढणे, सुकवणे, वेणी घालणे, टांगणे, चिरणे आणि तळणे यांसाठी जे शब्द आहेत, त्यांचा संग्रह करण्याचे काम रायगडमधल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हाती घ्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. त्यासाठी अनुदान लागत नाही. विद्यार्थ्याने आपल्या किंवा शेजारच्या घरातल्या वृद्ध बाईजवळ बसावे, तिला भजी करायला सांगावे, आणि तिने वापरलेले प्रत्येक क्रियापद जसेच्या तसे लिहून घ्यावे. 'किती पीठ?' असे विचारल्यावर ती जे सांगेल, ते विशेष काळजीने लिहावे. ती आकडा सांगणार नाही, अशी माझी अटकळ आहे.

त्या उत्तरापुढे विद्यार्थ्याने 'प्रमाण अनिश्चित' असा शेरा मारू नये. तिच्या वाक्यात कांदा, मीठ, वेळ आणि हवा या चारही गोष्टींचा हिशेब आधीच झालेला असतो. तो हिशेब उलगडून दाखवणे हे समीक्षेचेच काम आहे, आणि कवितेच्या बाबतीत आपण ते रोज करत असतो.